पथ्याची ओळ

विन्या, परवा बोरिवलीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली आणि मी बोलले नाही. माझं नाव दोनदा पुकारलं. "आता विनायकरावांच्या ज्येष्ठ भगिनी दोन शब्द बोलतील," असं तो सूत्रसंचालन करणारा गुळगुळीत माणूस म्हणाला. मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बाईचा कंठ दाटलाय. कसलं काय! माझ्या तोंडात जे होतं ते तिथे बाहेर काढलं असतं तर पहिल्या रांगेतली माणसं चपला शोधत पळाली असती.

स्टेजवर हा एवढा फ्लेक्स. 'परंपरेचा पुनरुद्धारक'. तू! एक योगशिक्षक म्हणाले, ऋषिमुनींचं ज्ञान विनायकरावांनी आजच्या माणसासाठी कॅप्सूलमध्ये बसवलं. कुठले ऋषिमुनी रे? आपली आई होती ती. चौथी शिकलेली, गिरणी कामगाराची बायको, घाटकोपरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून काविळीचं औषध देणारी. तिचं नाव दीड तासात एकानेही घेतलं नाही. फोटो मात्र तुझ्या कॅप्सूलच्या डबीवर छापलेला आहे, ठेवणीतल्या लुगड्यातला, गालाला गुलाबी रंग मारून. ती हयात असती तर त्या डबीवरून तुला बदडला असता.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. छातीत कळ आली आणि तासाभरात आटोपलं. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी सवय लहानपणापासूनचीच. पत्ते हरायला लागलास की पाणी प्यायचं निमित्त. पण ह्या वेळी मी सोडणार नाही. तू ऐकत असलास तर ऐक, नसलास तरी मी बोलणार.

रविवार आठवतात ना तुला? सकाळी सहापासून चाळीच्या जिन्यावर माणसं. दहिसरहून, माहुलहून, कुठून कुठून पिवळ्या डोळ्यांची माणसं यायची. आई आधी दाराच्या उजेडात उभं करायची, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची. मग विचारायची, "रक्त तपासलंस? डॉक्टरान काय सांगल्यान?" तपासलं नसेल तर परत पाठवायची. ही गोष्ट तुझ्या फ्लेक्सवाल्यांना सांग. पाला तू वाटायचास पाट्यावर, ताकात कालवायचं काम माझं. आणि औषध पोटात गेलं की आई त्या माणसाचं मनगट धरून ठेवायची. त्याला वाटायचं, संपलं, चला. तिचं खरं काम तिथून सुरू व्हायचं.

"एकवीस दीस मासळी नाय. तळलेला नाय. दारूचो वास सुदीक नाय. दहाक झोपूचा. पथ्य मोडलंस तर औषध उलटतला, मगे माझ्या दारात येव नको."

उलटतला! केवढा दरारा होता त्या शब्दाचा. रोज संध्याकाळी गुत्त्यावर बसणारे गडी एकवीस दिवस घरात नातवंडांबरोबर बसायचे, का, तर औषध उलटेल. म्हणजे नेमकं काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नसावं. पण बायका सांगायच्या, "काकी, इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा शुद्धीत जेवला."

आणि मला झालेली कावीळ आठवते? मी चौदाची, तू नऊचा. मला मऊ भात आणि ताक. आईने सांगितलं, "पथ्य एकट्यान होणा नाय, घरान करूचा लागता." म्हणून सगळ्या घराचे मासे बंद. बाबा शेजारच्या सावंतांकडे जाऊन गुपचूप हादडून यायचे, आम्हाला वासावरून कळायचं. तू नाही गेलास. मालवण्याचं पोर, बांगड्याशिवाय घास न उतरणारं, एकवीस दिवस माझ्या शेजारी बसून ताकभात गिळलास. एकविसाव्या दिवशी सावंतीणबाईंनी तुझ्या हातात तळलेली तुकडी दिली तर तू ती कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आलास आणि म्हणालास, "ताये, उद्या खाऊया. दोघं." आई हसली आणि ती तुकडी मांजराला घातलीन. तुला पथ्य म्हणजे काय ते माहीत होतं रे. माहीत नसलेल्या माणसाने केलं असतं तर मी इतकी पेटले नसते.

आईने जाताना औषध तुला दिलं. मुलगी परक्या घरची, म्हणून मला नाही. ताकात औषध कालवून कालवून बोटं आंबली माझी, आणि वारसदार कोण, तर तू, जो एमआर म्हणून औषधकंपनीची बॅग घेऊन अंधेरीला डॉक्टरांच्या दारात ताटकळत होतास. मी तोंडाने "बरं झालं" म्हटलं. मनात काय म्हटलं ते तुला माहीत आहे. मी मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलं, दिवसरात्र लोकांच्या रक्तातलं कावीळ दाखवणारं बिलिरुबिन मोजलं. कावीळ तुझ्यापेक्षा मला जास्त कळत होती. आणि ह्या लॅबच्या कोर्सला मला घातलं कोणी? तूच. बाबांसमोर उभा राहून म्हणालास, "ताई नापास झाली तर मी शाळा सोडतो." दहावीत होतास तेव्हा. असा तू. राग धरायलाही नीट जागा ठेवली नाहीस.

मग तू नोकरी सोडलीस आणि दहिसरला नदीच्या बाजूला गाळा घेतलास. पाल्याची पावडर, कॅप्सूल, डबी, आत माहितीचा कागद. मला वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगते, अभिमान वाटला होता. आजकाल पाला ओळखणारं कोण राहिलंय? टेकडीवर जाऊन खुडणार कोण, वाटणार कोण? माणसांना दवाखान्यातून सुटलं की ऑफिस गाठायचं असतं. आईचं ज्ञान तिच्याबरोबर चितेवर जायला नको, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. पाला लॅबमध्ये तपासून घे, शिसं बघ, बुरशी बघ, असं मीच तुझ्या मागे लागले होते, आणि तू सगळं करून घेतलंस. तिथपर्यंत झकास.

मग तो कागद आला. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू तो टाइप केलेला मजकूर ठेवलास आणि म्हणालास, "तू शिकलेली. बघून दे." माझ्या हातात लॅबचा लाल पेन होता, बिघडलेल्या आकड्यांखाली रेघ मारायचा. शेवटून दुसरी ओळ आईची होती. 'औषध चालू असताना एकवीस दिवस मासे, तळलेले पदार्थ व दारू पूर्ण वर्ज्य. पथ्य मोडल्यास औषध उलटते.'

मी खो खो हसले. "उलटते म्हणजे काय रे? वांती होते? उलटं चालत येतं? हे वाचून माझ्या लॅबमधली पोरं माझी टिंगल करतील. अंधश्रद्धा आहे ही, काढ." तूही हसलास. चहा घेतलास, कागदाची घडी केलीस आणि गेलास.

ह्या चहाच्या कपावरून आपलं पुढचं सगळं भांडण. मी म्हणत आले, मी शब्द काढायला सांगितला होता, पथ्य नाही. तू म्हणायचास, ओळ काढलीस. पण ते जाऊ दे. डबीच्या पुढच्या बाजूला जे छापलंस ते तर माझ्या पेनातून आलेलं नव्हतं ना? आईच्या फोटोच्या खाली, लाल पट्टीत, ठळक अक्षरात: 'पथ्याची कटकट नाही!' वर उद्गारचिन्ह. ते तुझं. शंभर टक्के तुझं. ओळ गेली तेव्हा रिकामी जागा झाली आणि त्या जागेत तुझ्यातल्या एमआरला धंदा दिसला. पथ्य म्हणजे कटकट! एकवीस दिवस माझ्याबरोबर ताकभात खाल्लेला तू, हे छापलंस कसं रे?

पाटकरला तू ओळखायचास. भांडुपचा, गिरणीत बाबांच्याच खात्यात त्याचे वडील होते. त्याच्या वडिलांना आईनेच बरं केलं होतं. तो लॅबमध्ये आला रक्त द्यायला, डोळे हळदीसारखे, आणि मला बघून खूश. खिशातून तुझी डबी काढून दाखवली. "ताई, काकींचं औषध सुरू केलंय. पण तुम्ही लोकांनी पथ्य काढून टाकलंत ते बेस्ट केलंत यार. आमच्या बापाला काकींनी काय छळला होता!"

मी म्हटलं, "अहो, दारू बंद करा आधी. आणि डॉक्टरांकडे जा. आजच जा."

तो हसला. "तुमच्याच डबीवर लिहिलंय की."

मी त्या दिवशी तुला फोन केला. तू म्हणालास, बघतो. काय बघितलंस?

महिन्याभराने त्याच्या रक्ताची ट्यूब पुन्हा आली. रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढली आणि वरचं गडद पिवळं पाणी बघूनच मला समजलं, नाव नंतर वाचलं. मशीनने दिलेला आकडा मी तीनदा परत तपासला. मशीन चुकत नव्हतं. दवाखान्यात आठ दिवस काढले त्याने आणि गेला. लिव्हर आधीचंच खराब होतं, डॉक्टर म्हणाले. असेल. तुझ्या कॅप्सूलने तो मेला असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण आईच्या फोटोकडे बघून तो पीत राहिला. आईच्या फोटोकडे बघून!

दुसऱ्या दिवशी मी दहिसरच्या गाळ्यात येऊन तुला काय काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तुझी माणसं पॅकिंग सोडून बाहेर जाऊन उभी राहिली होती. तू शांतपणे फाइल काढलीस, त्यातून तो लाल रेघेचा कागद काढलास आणि माझ्यासमोर ठेवलास. म्हणालास, "ताये, बघ."

मी बघितला. मग तो उचलला, घडी घातली, पर्समध्ये टाकला आणि निघून आले. संध्याकाळी मी शीतलला फोन लावला. तुझ्या बायकोला कळायला नको का नवऱ्याने काय केलंय? म्हटलं, "मी फक्त एक शब्द काढायला सांगितला होता. पथ्याची सगळी ओळ ह्याने काढली, धंद्यासाठी." तू तिच्या शेजारी बसला होतास, स्पीकर चालू होता, तुझा खोकला मला ऐकू आला. आत्ता बोलशील, आत्ता बोलशील म्हणून मी फोन कानाला धरून बसले. तू काही बोलला नाहीस.

दोन महिने माल बंद ठेवलास आणि मग तीच डबी, तोच कागद, पुन्हा बाजारात. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. तीन वर्षं. गणपतीत यायचास, आरती करायचास, प्रसाद घेऊन जायचास. मी आत पोळ्या लाटत बसायची. दोन पोळ्यांचं काम असलं तरी वीस लाटायची.

आता ऐक, का लिहायला बसले ते. सभेनंतर शीतल माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "ताई, पुढच्या सोमवारपासून गाळा सुरू करतेय. त्यांनी ठेवलं तसंच. डबी तीच, कागद तोच. त्यांनी लिहिलेलं एक अक्षर मी बदलणार नाही."

मी म्हटलं, "शीतल, त्या कागदात पथ्य नाहीये. निदान तेवढं घाल."

"ते त्यांनी विचार करून काढलं असेल ना? तुम्हीच सांगितलं होतंत, ओळ त्यांनी काढली. मग ती त्यांची इच्छा."

वाट लागली माझी, विन्या. माझ्याच वाक्यात मी अडकले. म्हणजे सोमवारपासून पुन्हा कुठलातरी पाटकर डबी घेणार. आणि ते थांबवायचं तर मला कपाटातला कागद काढावा लागणार. त्यावर माझी रेघ एका शब्दावर नाहीये. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, सगळ्या ओळीवर आहे. पट्टी लावल्यासारखी सरळ. आणि बाजूला माझ्याच अक्षरात 'हे सर्व काढणे'.

आईने औषध तुला दिलं होतं ना. मग तिचं वाक्य तरी माझ्या हातून जावं, असं काहीतरी त्या रेघेत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. तीन वर्षं मी तो कागद एकदाही उघडला नव्हता. उघडायची गरज नव्हती, पाठ होता.

कागद पर्समध्ये घातला, तरी मी सरळ शीतलकडे गेले नाही. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. आधी भांडुपला पाटकरबाईंकडे गेले. मनात हिशेब असा की ह्या बाईलाच शीतलसमोर उभी करावी. नवरा गेलेली बाई बोलली की शीतल विरघळेल, डबी बंद होईल आणि माझा कागद पर्समधून तसाच कपाटात परत जाईल.

त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. वाईट वाटलं म्हणाल्या. मी माझं घोकून आणलेलं सुरू केलं, की तुम्ही एकदा माझ्या भावजयीशी बोला, पाटकर डबीवरची जाहिरात वाचून फसले हे सांगा.

"ते?" त्या म्हणाल्या. "ते कुठे काय वाचायचे, ताई. ते फोटो बघून आणायचे. वाचणारी मी. डबीवरची लाल पट्टी त्यांना मीच वाचून दाखवली, तरी आतला कागद मी वाचला होता. दोनदा. पथ्याचं काही आहे का म्हणून शोधला, कारण सासूबाई सांगायच्या काकींचं पथ्य कडक असतं. पाठीमागून पण बघितला. नव्हतं काही. म्हणून त्या महिन्यात त्यांनी ग्लास मागितला की मीच भरून द्यायचे. म्हटलं, चालतंय वाटतं आता. लिहिलं असतं तर मी दिला नसता. बाटली फोडली असती."

हे सगळं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मग विचारलं, "चहा ठेवू?"

मी नको म्हटलं. पर्स उघडली आणि कागद त्यांच्या हातात दिला. सांगितलं, ही रेघ माझी आहे, भावाची नाही. त्यांनी चष्मा लावून वाचला, ओठ हलवत. दोनदा. नंतर त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी कागद उचलला आणि दार ओढून घेऊन निघाले.

तिथून बोरिवलीला, तुझ्या घरी. शीतलने कागद बघितला आणि एकच विचारलं.

"हे त्यांना माहीत होतं?"

"हो. त्यानेच मला दाखवला होता."

ती खाली बसली. म्हणाली, "तुमचा फोन आला ना त्या दिवशी, तेव्हा फोन ठेवल्यावर मी त्यांना खुनी म्हणाले होते. पोरांसमोर."

मी विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

"ताटावरून उठले. म्हणाले, भूक नाही."

ती दुकानदारांना फोन लावायला लागली, एकेकाला, माल परत पाठवा म्हणून. मी तिच्या समोर बसून होते. विन्या, ती ओळ तू परत का घातली नाहीस? 'पथ्याची कटकट नाही'वर खप चांगला होता म्हणून? की परत घातली असती तर शीतलने विचारलं असतं, मग काढली कोणी? धंद्यासाठी केलंस तर तू नालायक आहेस. माझ्यासाठी केलंस तर त्याहून नालायक, कारण मग किती घरांत ग्लास भरून दिले गेले त्याला मी जबाबदार. मी तुला हे विचारायला हवं होतं. तू दर गणपतीत माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, वीस पावलांवर बसलेला असायचास.